पुरात फोनवरच्या ऑर्डरवर जेसीबी चालवला, आता बिल अडकलंय

प्रश्न
सप्टेंबर 2025 ला सीना नदीला पूर आला, लांबोटीच्या पुलाजवळ सोलापूर-पुणे हायवे बंद होता तेव्हाची गोष्ट. मोहोळ तालुक्यातल्या एका गावात आमचा जेसीबी लावलेला, रस्त्यावरचा गाळ काढला, झाडं बाजूला केली, मेलेली जनावरं पुरायला खड्डे मारले. ऑर्डर फोनवर, "आधी मशीन पाठवा, कागदाचं मागून बघू". आता साहेब बदलले आणि नवीन म्हणायलेत टेंडर नाही, कोटेशन नाही, बिल कशावर काढू? पाणी घरात शिरल्यावर टेंडर काढत बसायचं होतं काय ओ?

उत्तर 1
'टेंडर नाही' हे कारण एकट्यानं टिकत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चं कलम 50 वाचा, बचाव किंवा मदतीसाठी तातडीची खरेदी असेल तर निविदेची नेहमीची पद्धत माफ धरली जाते. पण पूर आला म्हणून ती आपोआप माफ होत नाही, राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं (जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर असतात) त्या खात्याला अधिकार दिलेला पाहिजे. तो आदेश निघालाय का ते आधी शोधा, सगळी मेख तिथंच आहे. दुसरं, प्राधिकरणानं नेमलेल्या नियंत्रक अधिकाऱ्यानं दिलेलं साहित्य वापरल्याचं प्रमाणपत्र हिशेबाला व्हाउचर म्हणून चालतं, हेपण त्याच कलमात आहे.

उत्तर 2
आदेश तोंडी मागत फिरू नका भाऊ, माहिती अधिकारात मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत त्याच पुरात बाकीच्या मशीनवाल्यांची बिलं कशी काढली तेपण मागा, मग बघा फाइल कशी हलते. बिलाच्या अर्जावर आवक नंबर आणि पोच घ्याच. ऑपरेटरची तासांची वही आहे का? त्यावर ग्रामसेवक नाहीतर तलाठ्याची सही?

प्रश्नकर्ता
वही आहे, डिझेलच्या पावत्या आहेत, फोटोपण आहेत. तलाठ्याची सही शेवटच्या पानावरच आहे.

उत्तर 3
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. टेंडर माफ म्हटलं की काहीजण ताशी रेट सव्वापट लावतात आणि त्यात सरळ माणसाचं बिलपण अडकतं. तेव्हा सोलापुरात जो चालू रेट होता तोच लावा, ऑडिटवाला पहिला तोच विचारणार. आणि मशीन अधिग्रहित केली, म्हणजे सरकारनं कामासाठी ताब्यात घेतली, असं कोण म्हणत असेल तर त्याच कायद्याच्या कलम 65 खाली लेखी आदेश लागतो, फोन चालत नाही. तसा आदेश सापडला तर कलम 66 प्रमाणे गाडीचं भाडंसुद्धा त्या भागातल्या चालू दरानंच धरतात.

उत्तर 2
बरोबर. आणि जुन्या साहेबांची बदली जवळच झाली असेल तर गाठून काम झाल्याचं दोन ओळीत लिहून घ्या, नवीन साहेबाला सही करायला तेवढाच आधार होतो.