'देव आवडत्यांचीच परीक्षा घेतो' म्हणणाऱ्यांना

काटोल_रोड: काल एका भाविकानं लिहिलं की सिकलसेलचं (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक रक्ताचा आजार) लेकरू ज्यांच्या पोटी येतं त्यांची देव परीक्षा घेतो, त्यांनी 'का' विचारू नये, विश्वास ठेवावा. विदर्भात बसून हे लिहायचं म्हणजे हद्द झाली! आईबाप दोघं एएस (एक जनुक बिघडलेलं, म्हणजे वाहक) असले तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची (दोन्ही बिघडलेली, म्हणजे आजारी) शक्यता २५ टक्के, एएसची ५०, एएची (दोन्ही चांगली) २५. पहिलं एसएस झालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं, विषय संपला. परीक्षाच घ्यायची तर मोठ्यांची घ्या, वर्षाच्या पोराचे हातपाय कशाला सुजवता?

रामटेकचा_वारकरी: भाऊ, व्हॅलिन कसं आलं ते कळलं. याच घरात का, ते राहिलं. आक्षेप जुना आहे. वैषम्य (भेदभाव) आणि नैर्घृण्य (निर्दयपणा) हे देवावरचे दोन्ही आरोप ब्रह्मसूत्रानंच (२.१.३४) घेतलेत. शंकराचार्यांचं उत्तर: ईश्वर पावसासारखा, सगळ्यांवर सारखाच, काय उगवेल ते बियाण्यावर. ते बी म्हणजे ज्याचं त्याचं कर्म.

काटोल_रोड: पाऊस परीक्षा घेत नसतो. म्हणजे आचार्य खरे तर कालची पोस्ट खोटी. एक काहीतरी धरा. आणि 'याच घरात का' याचंही उत्तर आहे: एएस असलेल्याला फाल्सिपेरम हा घातक मलेरिया जिवावर बेतण्याचा धोका कमी, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात हे जनुक टिकलं.

दीक्षाभूमी_चौक: ज्याचं त्याचं कर्म? म्हणजे लेकरानंच मागच्या जन्मी काहीतरी केलं! हेच ऐकवून पिढ्यानपिढ्या गप्प बसवलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी २२ प्रतिज्ञा घेऊन तो हिशोब मिटवला. दुःख आहे, त्याला कारण आहे. कारण शोधा, देव कशाला मध्ये?

रामटेकचा_वारकरी: विचारू नका असं मी कुठं म्हटलं? तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, त्यांनी देवाशी उभं भांडण मांडलं. जनाबाईनं तर शिव्या घातल्या. विश्वास म्हणजे तोंड शिवून घेणं नव्हे. पण भांडायला समोर कोणी लागतं. पोर कण्हत असताना रात्री तीनला व्हॅलिनशी भांडता येतं का?

छत्तीस_गुण: पत्रिका पाहून केलं असतं तर ही वेळच आली नसती. एकनाडी (दोघांची पत्रिकेतली नाडी एकच) म्हणजे रक्तदोषच. ३६ पैकी ८ गुण एकट्या नाडीला उगाच दिलेत?

लॅबवाला_४४०: झालं, आलीच पत्रिका! नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. २७ नक्षत्रं, तीन नाड्या, प्रत्येकी ९. सख्ख्या भावांची नाडी वेगळी निघते, रक्त मात्र त्याच आईबापाचं. आणि दोन एएस वाल्यांची नाडी भिन्न म्हणून गुरुजी खुशाल मुहूर्त काढून देतात. त्यापेक्षा आधी सोल्युबिलिटी (सिकलसेलची रक्ताची प्राथमिक चाचणी) करा. पॉझिटिव्ह आली तर तिथंच थांबू नका, एएस की एसएस ते ती सांगत नाही. त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी लागते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तीनेक महिने थांबा, दात्याच्या रक्तानं निकाल फसतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी फोल. एचबीएफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) जास्त असतं, खोटी निगेटिव्ह येते.

छत्तीस_गुण: दोन्ही करा ना मग. पत्रिकेनं काय बिघडतं?

लॅबवाला_४४०: बिघडतं हे, की पत्रिका मिरवतात आणि रिपोर्ट कपाटात लपवतात. एएस म्हणजे आजारी नव्हे. जोडीदार एए असला तर एसएस मूल होत नाही. दोघं एएस आणि लग्न झालेलंच असेल, तर गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांत वारेचा (प्लॅसेंटाचा) नमुना घेऊन पोटातलं बाळ एसएस आहे का ते तपासता येतं. कितव्या महिन्यात येतात लोक? पाचव्या.

काटोल_रोड: विश्वासावर या परत. नवसापायी एसएस पोरीला निर्जळी उपवास धरायला लावतात. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडं ठणकायला लागतात. डिसेंबरात पहाटे रामटेकच्या अंबाळा तलावात डुबकी मारली तरी तेच, थंडीनंही क्रायसिस (वेदनेचा झटका) येतो. ताप १०१ च्या वर गेला तर तडक दवाखाना. प्लीहा निकामी झालेली असते, न्यूमोकोकस जंतू काही तासांत माणूस नेतो. हायड्रॉक्सियुरिया (क्रायसिस कमी करणारी रोजची गोळी) तर 'देवीनं बरं केलं' म्हणून बंद! ती बरं वाटत असतानाच चालू ठेवायची असते, अधूनमधून सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करून.

रामटेकचा_वारकरी: निर्जळी नको, मान्य. हे आधीच नीट सांगितलं असतं तर व्हॅलिनपर्यंत जावं लागलं नसतं. अंगारा मात्र लागणार, गोळी गिळल्यावर. की त्याचीही एचपीएलसी करायची?

दीक्षाभूमी_चौक: लावा ना बाप्पा. फक्त पोराला मागच्या जन्माचं ऐकवू नका.

छत्तीस_गुण: एवढं बोललात, मूळ प्रश्न तसाच. असो. सोल्युबिलिटीला पैसे किती लागतात?

लॅबवाला_४४०: सरकारी दवाखान्यात फुकट. आणि दोघांची करा, नुसती मुलीची नको.