मदत हवी आहे: कमांड लाइनवर चालणाऱ्या आज्ञावलीच्या चाचण्या बाहेरून कशा घ्याव्यात?

नमस्कार.

एका गावच्या दूध संस्थेसाठी मी पायथॉनमध्ये लिहिलेली आज्ञावली काही वर्षांपासून वापरात आहे. तिचे सगळे काम कमांड लाइनवर चालते. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या सीएसव्ही फाइलींमधून ती लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) वाचते, दरपत्रकाप्रमाणे दर लावते, पशुखाद्याच्या आणि अ‍ॅडव्हान्सच्या कपाती वजा करते आणि दर दहा दिवसांनी प्रत्येक सभासदाचे बिल व बँकेत पाठवायची यादी तयार करते. संस्थेच्या संगणकावर विंडोज आहे. सचिव एका बॅच फाइलवर डबल क्लिक करतात आणि ही कामे एकामागून एक होतात. मी मात्र लिनक्सवर काम करतो.

हिशेबाच्या प्रत्येक फंक्शनला युनिट टेस्ट (त्या एकट्या फंक्शनची स्वतंत्र चाचणी) आहे. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला दर किती, फॅट एका पॉइंटने घसरली तर किती वजा होतात, संकलन शून्य असताना कपात झाल्यास बाकी पुढच्या बिलात कशी जाते, हे सगळे तपासलेले आहे. आउटपुटही पायटेस्ट या पायथॉनच्या चाचणी-साधनातल्या ‘कॅपसिस’ या सोयीने पकडून तपासतो. तरीही मागच्या बिलाच्या वेळी असे झाले की बिलाचे आउटपुट फाइलमध्ये वळवणारी आज्ञा मध्येच बंद पडली, फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांतली शीर्षकाची ओळ तेवढी उतरली, आणि बॅच फाइल न थांबता बँकेच्या यादीकडे गेली. सचिवांना आकडा जुळेना म्हणून त्यांनी फोन केला, त्यामुळे यादी बँकेत जाण्यापूर्वीच थांबली. हीच आज्ञा आउटपुट न वळवता चालवली की सगळी नावे पडद्यावर नीट दिसतात.

कारण सापडले. विंडोजच्या कन्सोलवर लिहिताना पायथॉन ३.६ पासून युनिकोड वापरतो. पण तेच आउटपुट फाइलकडे किंवा पाइपकडे (म्हणजे दुसऱ्या आज्ञावलीकडे) वळवले, की तो विंडोजचे ठरलेले कोडपेज (अक्षरांना बाइट्स नेमून देणारा तक्ता) घेतो. त्या संगणकावर ते १२५२ आहे आणि त्यात देवनागरीचे एकही अक्षर नाही. त्यामुळे पहिल्या सभासदाच्या नावाशीच आज्ञावली कोसळते. ‘कॅपसिस’ला हे कधीच दिसणार नव्हते, कारण तो खऱ्या आउटपुटच्या जागी स्मृतीतली एक वस्तू बसवतो आणि एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे बाइट्समध्ये बदलण्याचा, प्रश्न तिथे येतच नाही.

म्हणून आता आतली फंक्शने न बोलावता, सचिव चालवतात तशीच संपूर्ण आज्ञा चालवून तिचा एक्झिट कोड (संपताना ती देते तो आकडा, शून्य म्हणजे यश), दोन्ही आउटपुट (नेहमीचे आणि एररचे) आणि तयार झालेल्या फाइली तपासणाऱ्या चाचण्या मला हव्या आहेत. बॅट्स व क्रॅम ही शेलमधून आज्ञा तपासणारी साधने आणि पायटेस्टसोबत सबप्रोसेस (दुसरी आज्ञावली चालवणारा पायथॉनचा भाग) असे पर्याय वाचले. यांतला कोणता घ्यावा याविषयी मार्गदर्शन हवे आहे. त्याशिवाय, बिलावर छापलेली तारीख रोज बदलते, तर संपूर्ण आउटपुट नमुना फाइलशी (जपून ठेवलेल्या अपेक्षित आउटपुटशी) ताडून पाहणे कितपत शहाणपणाचे? बिल कायम करताना आज्ञावली पासवर्ड विचारते, त्या टप्प्याची चाचणी कशी घ्यावी? आणि गावात वीज केव्हाही जाते, तेव्हा बिल लिहिले जात असतानाच आज्ञावली मेली तर आधीची फाइल शाबूत राहते की नाही, हे चाचणीत बघता येईल का? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपली निकड विंडोजची आहे, म्हणून पायटेस्ट आणि सबप्रोसेस यांवरच राहावे असे मी सुचवेन. बॅट्स उत्तम आहे, मी लिनक्सवरच्या शेल स्क्रिप्टसाठी तेच वापरतो. पण त्याला बॅश हे लिनक्सवरचे शेल लागते, आणि विंडोजवर ते गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनासोबत येणाऱ्या बॅशमधून चालवले तर तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या आर्ग्युमेंटचे विंडोजच्या पाथमध्ये परस्पर रूपांतर होण्यासारखे प्रकार घडतात. आपली आज्ञावली वेगळी वागली की बॅश वेगळे वागले, हे शोधण्यातच वेळ जाईल.

सबप्रोसेस वापरताना काही गोष्टी पहिल्यापासून पाळाव्यात. आउटपुट बाइट्समध्येच घ्यावे, ‘टेक्स्ट’ हा पर्याय चालू करू नये. तो चालू केला की ओळीच्या शेवटी असलेली विंडोजची दोन चिन्हे गुपचूप एक होतात आणि एन्कोडिंगही पायथॉन स्वतःच्या समजुतीने ठरवतो, म्हणजे नेमके जे तपासायचे तेच झाकले जाते. बाइट्स हातात आल्यावर आपणच यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व अक्षरे मावणारे एन्कोडिंग) म्हणून उलगडावेत. उलगडले नाहीत तर चाचणी नापास. प्रत्येक चाचणीला स्वतंत्र तात्पुरते फोल्डर द्यावे आणि आज्ञा त्याच फोल्डरातून चालवावी. इनपुट बंद ठेवावे आणि टाइमआउट द्यावा, नाहीतर आज्ञावलीने अनपेक्षितपणे काही विचारले तर रात्रभर चाचणी तिथेच बसून राहते.

एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे आज्ञावलीला बाहेरून मिळणारी व्हेरिएबल्स, हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. आपल्या संगणकावरची सगळी व्हेरिएबल्स जशीच्या तशी चाचणीने चालवलेल्या आज्ञेला देऊ नयेत. हवीत तेवढीच मोजून द्यावीत. विंडोजवर ‘सिस्टिमरूट’ मात्र ठेवावेच लागते, ते काढले तर आज्ञावली सुरू न होण्याचीही शक्यता असते. आपण लिनक्सवर बसूनही हा दोष उभा करू शकता: ‘पायथॉन-आयओ-एन्कोडिंग’ या व्हेरिएबलची किंमत सीपी१२५२ (तेच १२५२ कोडपेज) करा आणि बिलाची आज्ञा चालवा. ती तशीच कोसळेल. मग आज्ञावलीच्या सुरुवातीला आउटपुटचे एन्कोडिंग ‘रीकॉन्फिगर’ने यूटीएफ-८ करा, ही सोय पायथॉन ३.७ पासून आहे, आणि तीच चाचणी पास होते का पाहा. पायथॉनचा यूटीएफ-८ मोड व्हेरिएबलने चालू करून चाचण्या घेऊ नका. सचिवांच्या संगणकावर ते व्हेरिएबल नाही, मग चाचणीतही नको.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आपली आज्ञावली कोसळली तेव्हा पायथॉनने एक्झिट कोड १ दिलेलाच होता. तो बॅच फाइलने पाहिला नाही. म्हणजे चाचणीचा विषय एकटी आज्ञावली नाही, ती बॅच फाइलसुद्धा आहे. मुद्दाम खराब केलेली संकलनाची फाइल ठेवून संपूर्ण बॅच चालवा आणि बँकेची यादी तयार झालेली नाही, हे तपासा. माझ्या मते आपल्या सगळ्या चाचण्यांत ही एक सर्वांत मोलाची ठरेल, कारण तिथे प्रश्न लोकांच्या पैशांचा आहे.

प्रतिसाद २

नमुना फाइलबद्दल लिहितो. तारखेसाठी आउटपुटवर शोध-बदल चालवून ती पुसण्यापेक्षा आजची तारीख बाहेरून देता येईल असा पर्यायच आज्ञेला द्यावा. संस्थेलाही तो उपयोगी पडेल, कारण राहून गेलेले बिल मागच्या तारखेने काढायची वेळ येतेच. फोल्डरचे पाथ, तात्पुरत्या फाइलींची नावे यांसारखे आपल्या हातात नसलेले असेल तेवढेच पुसावे.

किती काटेकोर राहावे, याचे उत्तर आउटपुटचे पुढे काय होते यावर ठरते. बँकेची यादी दुसरी आज्ञावली वाचते, तिथे एक स्वल्पविराम जास्त झाला तरी चालत नाही; म्हणून ती बाइटन् बाइट ताडावी. चुकीच्या फाइलीवरचा संदेश माणूस वाचतो. तिथे फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक त्या मजकुरात आहेत, तो एरर आउटपुटवर आला आहे आणि एक्झिट कोड शून्य नाही, इतके पुरे. संदेशाची शब्दरचना चाचणीत कोंबली, तर उद्या एक शब्द सुधारायला चाळीस नमुने बदलावे लागतील आणि मग माणूस न बघताच ते बदलू लागतो. मर्क्युरियल या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या चाचण्यांची पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिथे चाचणीची फाइल म्हणजे टर्मिनलवरच्या संवादाची प्रतच असते, आज्ञा आणि तिच्याखाली अपेक्षित आउटपुट. आणि ज्या ओळीत बदलणारा भाग असेल तेवढ्याच ओळीला रेग्युलर एक्स्प्रेशनची (मजकुराच्या साच्याची) खूण करतात. क्रॅमने हीच पद्धत उचलली. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाचे फाइलचेक आणखी मोकळे आहे: सांगितलेल्या ओळी त्या क्रमाने येतात का, एवढेच ते पाहते.

नमुना फाइली गिटमध्ये ठेवताना ॲट्रिब्यूट्सच्या फाइलीत त्यांचे ओळ-शेवट बदलू नयेत असे लिहून ठेवा. नाहीतर विंडोजवर त्याच फाइली वेगळ्या होऊन उतरतील.

प्रतिसाद ३

पासवर्डच्या टप्प्याविषयी. पासवर्ड विचारणारे पायथॉनचे ‘गेटपास’ नेहमीच्या इनपुटवर अवलंबून नसते. लिनक्सवर ते थेट टर्मिनल उघडते आणि विंडोजवर कन्सोलवरून एकेक कळ वाचते, त्यामुळे इनपुटमध्ये पासवर्ड पाइप करून काही साधत नाही. अशा संवादांसाठी डॉन लिब्स यांचे १९९० पासूनचे ‘एक्स्पेक्ट’ आहे आणि पायथॉनमध्ये त्याच धर्तीचे ‘पीएक्स्पेक्ट’. ते एक आभासी टर्मिनल तयार करते, अपेक्षित प्रश्न दिसेपर्यंत थांबते आणि मग उत्तर टाइप करते. पण त्याचा टर्मिनलवाला मुख्य भाग विंडोजवर चालत नाही.

म्हणून मी असे करेन: पासवर्ड एखाद्या फाइलीतून वाचण्याचा वेगळा पर्याय आज्ञेला द्यावा आणि बहुतेक चाचण्या त्या वाटेने घ्याव्यात. आर्ग्युमेंटमध्ये पासवर्ड देण्याची सोय करू नये, चालू प्रोसेसच्या यादीत तो इतरांना दिसू शकतो. खऱ्या प्रश्नोत्तराची एकच चाचणी लिनक्सवर पीएक्स्पेक्टने ठेवावी. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: टाइप केलेला पासवर्ड पडद्यावर उमटत नाही, चुकीचा दिला तर बिल कायम होत नाही, आणि कंट्रोल-सी दाबल्यावर अर्धवट काही मागे राहत नाही.

वीज जाण्याबद्दल. बिल आधी त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहावे, ते डिस्कवर उतरल्याची ‘एफसिंक’ने खात्री करावी आणि मग ‘ओएस-रिप्लेस’ने मूळ नावावर आणावे. चाचणीसाठी अमुक सेकंद थांबून प्रोसेस मारण्याच्या भरीस पडू नका. ती चाचणी आज पास होईल आणि उद्या संगणक व्यस्त असताना नापास. त्याऐवजी आज्ञावलीत चाचणीपुरता एक थांबा ठेवा, जो व्हेरिएबल दिल्यावरच चालू होतो. नाव बदलण्याच्या आधी तिने एक ओळ छापावी, ती लगेच फ्लश करावी (बफरमधून बाहेर ढकलावी) आणि थांबावे. फ्लश केले नाही तर पाइपमध्ये ती ओळ बफरमध्येच अडकून राहील. चाचणीने ती ओळ दिसताच प्रोसेस मारावी, जुनी फाइल बाइटन् बाइट तशीच आहे हे पाहावे आणि बिल पुन्हा चालवून कोणाचीही कपात दोनदा लागत नाही, हेही पाहावे. प्रोसेस मरणे आणि वीज जाणे यांत फरक आहे. डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये काय राहिले, हे या चाचणीतून कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. सीपी१२५२ची युक्ती चालवून पाहिली, लिनक्सवर दोष अगदी तसाच उभा राहिला आणि ‘रीकॉन्फिगर’नंतर गेला. बॅच फाइलमध्ये प्रत्येक आज्ञेनंतर एररलेव्हल (आधीच्या आज्ञेचा एक्झिट कोड) तपासतो आहे आणि तिची चाचणी सर्वांत आधी लिहायला घेतली आहे.

त्या चाचणीसाठी नमुना माहिती जमवताना एक नवी अडचण दिसली. पशुखाद्याच्या कपातीची यादी दुकानाकडून नावानिशी येते, सभासद क्रमांकाने नाही. तिच्यातले ‘कुऱ्हाडे’ आणि आमच्या नोंदवहीतले ‘कुऱ्हाडे’ डोळ्यांना सारखेच दिसतात. पण एकीकडे ऱ हे एकच युनिकोड चिन्ह आहे, दुसरीकडे र आणि नुक्ता अशी दोन आहेत, आणि काही जुन्या नोंदींत र, हलन्त व जोडणारे अदृश्य चिन्ह आहे. नाव जुळत नाही आणि कपात लागत नाही. बाहेरून घेतलेल्या चाचणीत हे कसे मांडावे?

प्रतिसाद १

पहिली दोन रूपे युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य आहेत, एनएफसी (युनिकोडचे एकत्रित प्रमाण रूप) केले की दोन्हींचे एकच चिन्ह होते. तिसरे रूप त्याने बदलत नाही. त्यासाठी आपल्यालाच र, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त घालण्याचा नियम लिहावा लागेल, आणि तो वाचतानाच लावावा, तुलना करताना नव्हे.

चाचणीत ही तिन्ही नावे टाइप करून ठेवू नका. एखाद्या संपादकाने फाइल साठवताना ती एकसारखी केली, तर चाचणी पास होत राहील आणि कोणाला पत्ता लागणार नाही. नमुना सीएसव्ही चाचणीनेच युनिकोड क्रमांकांवरून तयार करावी. मग एकाच सभासदाच्या तीन कपाती तीन लिखाणांत देऊन बिलाची आज्ञा चालवा आणि बँकेच्या यादीत त्या सभासदाची एकच ओळ आहे, तिन्ही कपाती वजा झाल्या आहेत, हे तपासा. जे नाव नोंदवहीत कुठेच जुळत नाही, त्यावर आज्ञावलीने कपात सोडून पुढे जाऊ नये. ते नाव एरर आउटपुटवर लिहून शून्येतर कोडने थांबावे. त्याचीही एक वेगळी चाचणी करा.