मदत हवी आहे: टीव्हीतून काढलेले स्पीकर रास्पबेरी पाय ४ ला जोडताना गुणगुण आणि विजेचे चिन्ह

खुडबुड्या
नमस्कार. बंद पडलेल्या एलसीडी टीव्हीतून दोन स्पीकर काढले आहेत, ते रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला जोडायचे आहेत. मागे '८ ओहम, १० वॉट' छापलेले आहे. दोन्ही आपापल्या प्लास्टिकच्या डबीत बंद आहेत आणि त्यांच्या चार तारा एकाच कनेक्टरला येतात, त्यातल्या दोन काळ्या. मध्ये पीएएम८४०३ चा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्याला ५ व्होल्ट पाय ४ च्याच पिन २ आणि ६ वरून दिले आहेत, ऑडिओ ३.५ मिमी जॅकमधून घेतला आहे.

काहीही वाजत नसताना गुणगुण येते आणि प्रोसेसरवर काम पडले की तिचा सूर बदलतो. आवाज वाढवला की स्क्रीनवर पिवळ्या विजेचे चिन्ह दिसते. अ‍ॅम्प्लिफायर काढून स्पीकर थेट जॅकला लावला तर जेमतेम कुजबुज. दोन काळ्या तारा एकत्र करून तीन तारांत काम भागेल का, हेही सांगा.

कानसेन
आधी शेवटचा प्रश्न, कारण त्यात अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. काळ्या तारा एकत्र करू नका. पीएएम८४०३ चे आउटपुट ब्रिज पद्धतीचे आहे, म्हणजे स्पीकरची 'वजा' बाजूही ग्राउंड (शून्य व्होल्टची सामाईक बाजू) नसते, तिथेही सिग्नल असतो. डाव्याची वजा उजव्याच्या वजाला किंवा ग्राउंडला टेकली की दोन आउटपुट एकमेकांवर ढकलत राहतात आणि चिप तापते. चारही तारा शेवटपर्यंत वेगळ्या न्या.

थेट जॅकवर कुजबुज येणारच. तो जॅक हेडफोन किंवा लाइन इनपुटसाठी आहे, ८ ओहमच्या कॉइलला लागणारा करंट तो देऊ शकत नाही. जीपीआयओ पिनला (पाय ४ वरच्या सिग्नलच्या पिनला) तर स्पीकर कधीच लावू नये. एका पिनमधून १६ मिलिअँपिअरच्या वर घ्यायचे नसतात, आणि ३.३ व्होल्टवर ८ ओहम म्हणजे ४०० च्या पुढे मागणी.

आता एक काम करा. स्पीकर सुटे करून मल्टिमीटरने रोध मोजा आणि इथे लिहा. टीव्ही पुन्हा उघडणार असाल तर पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरपासून हात लांब ठेवा. प्लग काढल्यावरही तो जीवघेण्या व्होल्टेजला भरलेला राहू शकतो.

खुडबुड्या
एक ६.८ ओहम, दुसरा ६.९. छापलेले ८ आहे, मग कॉइल खराब आहे का?

कानसेन
नाही, दोन्ही ठणठणीत आहेत. मीटर फक्त डीसी रोध दाखवतो आणि तो छापील इम्पीडन्सपेक्षा (ऑडिओ सिग्नलला होणाऱ्या एकूण विरोधापेक्षा) थोडा कमीच असतो. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७.५ दाखवतो, ४ ओहमचा ३.२ ते ३.८. शून्याजवळ आकडा आला तर कॉइल शॉर्ट, काहीच आले नाही तर तुटलेली.

तारांची दिशा तपासायला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला की सेलच्या अधिक टोकाला जोडलेली तार ती अधिक. दोन स्पीकर उलटसुलट लागले तर आवाज येतो, पण बास गायब होतो आणि दोष कुठे आहे ते लवकर लक्षात येत नाही. प्लास्टिकची डबी मात्र काढू नका. उघड्या कोनाच्या पुढची आणि मागची हवा एकमेकांना रद्द करते.

जस्त-शिसे
गुणगुण आणि विजेचे चिन्ह यांचे मूळ एकच आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा करंट पाय ४ च्या पॉवर पोर्टमधून आणि पातळ केबलमधून येतो. ठोका आला की व्होल्टेज खाली बसतो, आणि साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते चिन्ह येते. शिवाय ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेला आहे: एक पिन ६ मधून, दुसरी ऑडिओ केबलच्या जाळीतून. पाय ४ च्या ग्राउंडमधला सगळा गोंगाट या वळशातून (ग्राउंड लूपमधून) फिरून थेट इनपुटला येतो, म्हणून काम पडले की सूर बदलतो.

अ‍ॅम्प्लिफायरला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा अ‍ॅडाप्टर द्या आणि पिन २ व ६ सोडून द्या. मग ग्राउंड फक्त ऑडिओ केबलमधून जोडला जातो आणि वळसाच उरत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर पिनांना अगदी लगटून ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा १० व्होल्टचा कपॅसिटर लावा, पट्टी असलेली बाजू ग्राउंडला. एकच अ‍ॅडाप्टर वापरायचा असेल तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. तो छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. स्वस्तातला घेतला तर खालचे सूर थोडे पातळ होतात, म्हणून माझी पसंती पहिल्या उपायाला.

केबलही तपासा. पाय ४ चा जॅक चार भागांचा आहे: टोकाला डावा, मग उजवा, मग ग्राउंड, शेवटी व्हिडिओ. तीन भागांची साधी पिन चालते. कॅमेऱ्याच्या जुन्या चार भागांच्या केबलमध्ये क्रम वेगळा असू शकतो.

खुडबुड्या
वेगळा अ‍ॅडाप्टर आणि १००० मायक्रोफॅरड लावला. गुणगुण गेली, चिन्हही गेले. शांततेत बारीक खरखर मात्र आहे.

जस्त-शिसे
ती जॅकची आहे. तिथला आवाज पीडब्ल्यूएमने, म्हणजे वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्पंदांतून तयार होतो आणि पीएएम८४०३ त्या खरखरीलाही २४ डेसिबलने वाढवतो. सॉफ्टवेअरमधला आवाज ८५-९० टक्क्यांवर ठेवा आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी १० किलोओहमचा दुहेरी पोटेन्शिओमीटर लावून तिथे कमी करा. बरेच जण उलट करतात, मग सिग्नल खाली जातो आणि खरखर तेवढीच राहते.

कानसेन
मुळातूनच काढायची असेल तर आयटूएसवर जा, म्हणजे आवाज जॅकऐवजी पिनांमधून डिजिटल रूपातच न्या. मॅक्स९८३५७ए या आयटूएस घेणाऱ्या अॅम्प्लिफायरचे दोन बोर्ड लागतील, कारण एक बोर्ड एकच स्पीकर चालवतो. बिट क्लॉक पिन १२ ला, एलआर क्लॉक ३५ ला, डेटा ४० ला, दोन्ही बोर्डांना समांतर. कोणता बोर्ड कोणती बाजू वाजवणार ते एसडी पिनवरच्या व्होल्टेजवर ठरते: १.४ च्या वर डावी, ०.७७ ते १.४ मध्ये उजवी, त्याखाली ०.१६ पर्यंत दोन्हींचे मिश्रण. पाय ४ च्या कॉन्फिग फाइलमध्ये हायफायबेरी-डॅकचा ओव्हरले (या जोडणीची ओळख देणारी ओळ) घाला आणि मूळ ऑडिओची ओळ बंद करा. या चिपला स्वतःचा व्हॉल्यूम नाही, त्यामुळे अल्सामिक्सरमध्ये (आवाज कमी-जास्त करायच्या प्रोग्राममध्ये) पट्टी दिसली नाही तर जोडणी चुकली असे समजू नका.

आवाजाची ताकद मात्र दोन्हीकडे सारखीच. ५ व्होल्टवर ८ ओहमला दीड वॉटच्या आसपास मिळते. १० वॉटचे स्पीकर खरेच वाजवायचे असतील तर टीपीए३११० या जास्त ताकदीच्या अॅम्प्लिफायरचा बोर्ड आणि १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर घ्या. त्याचेही आउटपुट ब्रिजच आहे.

फावला वेळ
याच धाग्यात विचारतो: लॅपटॉपचे ४ ओहम, २ वॉटचे स्पीकर पीएएम८४०३ वर चालतील का?

जस्त-शिसे
चालतील, पण तो ४ ओहमला ३ वॉटपर्यंत ढकलतो आणि बास आला की एवढासा कोन जागेबाहेर जाऊन फाटतो. प्रत्येक स्पीकरच्या एका तारेत २२० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (अधिक-वजा बाजू नसलेला) कपॅसिटर घाला, मग सुमारे १८० हर्ट्‌झच्या खालचे सूर उतरत जातात. तो नसेल तर ४७० चे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक पाठीला पाठ लावून, म्हणजे वजा टोके एकमेकांना जोडून वापरा. मिळून २३५ होतात आणि काम तेच होते.