फोटोतल्या गाडीच्या काचा काळ्या केल्या की कागद चिकटवल्यासारख्या का दिसतात?

प्रश्न:
गाडीचा बाजूने काढलेला फोटो आहे. गिऱ्हाइकाला काचेवर ५० टक्क्यांची फिल्म (म्हणजे निम्मा प्रकाश आरपार जाऊ देणारी) कशी दिसेल ते दाखवायचंय. फोटोशॉपमध्ये काचांवर गडद करडा रंग नॉर्मल मोडमध्ये भरला, ओपॅसिटी ६० ठेवली. काच मळकट दिसते, आकाशाचं प्रतिबिंबही गेलं. काय बदलू?

प्रतिसाद १:
नॉर्मल मोडमधला करडा रंग आतल्या काळ्या सावल्यांनाही उजळवतो, म्हणून मळकटपणा येतो. मोड मल्टिप्लाय (खालचं चित्र फक्त गडद करणारा) करा, ओपॅसिटी १००. काचेचा आकार पेन टूलने घ्या, कंट्रोल-एंटर दाबून सिलेक्शन करा, फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, फक्त १ पिक्सेल. मग सॉलिड कलर लेयर घ्या, त्याला काचेपुरताच ठेवणारा मास्क आपोआप लागतो. रबराची पट्टी आणि आरसा सिलेक्शनच्या बाहेरच हवेत. रबर काळवंडलं की बनाव लगेच कळतो.

आणि ५० टक्क्यांसाठी १२८ चा करडा घेऊ नका! एसआरजीबीत (फोटोंच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, जिथे ० काळा आणि २५५ पांढरा) १२८ म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम २१-२२ टक्के प्रकाश. ५० टक्क्यांना आर, जी, बी तिन्ही १८८ ठेवा, ७० ला २१८, २० ला १२४.

प्रतिसाद २:
आकडे बरोबर आहेत, पण प्रतिबिंबाचं राहिलं. फिल्म काचेला आतून लागते, त्यामुळे बाहेरच्या पृष्ठभागावरचं प्रतिबिंब तितकंच उजळ राहतं. खरी काळी काच आरशासारखी वाटते ती त्यामुळेच. टिंटच्या (काच काळी करणाऱ्या करड्या) लेयरवर डबल क्लिक करून ब्लेंड इफमध्ये (उजेडानुसार लेयर कुठे दिसावा ते ठरवणाऱ्या सोयीत) खालच्या लेयरचा पांढरा स्लायडर ऑल्ट धरून दुभागा, साधारण १७० आणि २३० वर ठेवा. उजळ भागावरून टिंट हळूहळू विरतो.

एक अडचण येते: पलीकडच्या खिडकीतून दिसणारा उजळ रस्ताही ब्लेंड इफला प्रतिबिंबच वाटतो आणि तिथे काच फिल्मशिवाय दिसते. तेवढ्या भागाला ब्लेंड इफ नसलेला वेगळा लेयर द्या. तिथला प्रकाश दोन फिल्ममधून येतो, म्हणजे ५० चे २५ टक्के उरतात; १८८ चा मल्टिप्लाय दोनदा लावा. बहुतेक जण हे विसरतात आणि गाडी आरपार स्वच्छ दिसते.

प्रतिसाद ३:
समोरच्या काचेला तोच लेयर कॉपी करू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश जायला हवा, बाजूच्या काचांतून किमान ५०. या टक्क्यांत मूळ काचही धरलेली असते. कारखान्यातली काच आधीच थोडी हिरवट असते, म्हणून ५० ची फिल्म लावल्यावर एकूण प्रकाश ५० च्या खाली जातो. गिऱ्हाइकाला फोटो दाखवतानाच हे सांगा.