९८ची ओम्नी: थंड इंजिनला सीटखालून टक-टक, गरम झाल्यावर कमी. लीक नेमकी कुठे शोधू?

चिपळूण_ओम्नी
गाडी मारुती ओम्नी, १९९८, कार्बोरेटरवाली, फक्त पेट्रोल. सकाळी चालू केली की पुढच्या सीटखालून टक-टक असा कोरडा आवाज येतो. रेस दिली की वाढतो, पाच-सहा मिनिटांत बराच कमी होतो, कुंभार्ली घाट चढताना पुन्हा ऐकू येतो. काचा बंद असल्या की जळका वास येतो आणि मागे बसणाऱ्यांचं डोकं जड होतं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून झाले, काही फरक नाही. गॅरेजमध्ये आता पूर्ण सायलेन्सर बदला म्हणतात. मागचा डबा गंजलाय हे खरं, पण आवाज तर पुढून येतोय. घरच्या घरी तपासायचं तर सुरुवात कुठून करू? हत्यारं साधीच आहेत: पाने, सॉकेट, टॉर्च, दोन स्टँड.

तीन_सिलिंडर
आधी एक गोष्ट. लीक सापडेपर्यंत काचा लावून, माणसं बसवून गाडी चालवू नका. ओम्नीचं इंजिन तुमच्या सीटखाली आहे. बाकी गाड्यांत मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाचा, धूर बॉनेटखालून बाहेर निघून जातो, इथे झाकणाच्या फटीतून तो सरळ आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुम्हाला येतो तो वास इतर धुराचा. म्हणून वास कमी झाला म्हणजे धोका टळला असं समजू नका. हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा हा वायू दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे थोडा वायूही रक्तात साठत जातो. डोकं जड होणं, मळमळ ही त्याचीच लक्षणं. कोणाला असं वाटलं तर गाडी थांबवा आणि सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा.

आता आवाजाचं. थंडीत मोठा, गरम झाल्यावर लहान आणि लोड आला की परत: हे लक्षण मॅनिफोल्डचं पॅकिंग (सांध्यात बसतं ते गास्केट) किंवा मॅनिफोल्डला गेलेली चीर यांचं आहे. बिडाचा मॅनिफोल्ड तापून फुगतो आणि फट दाबली जाते. पूर्ण बंद होत नाही, फक्त ऐकू येईनाशी होते. टॅपेटचा आवाज लोडने फारसा बदलत नाही, लीकचा लगेच बदलतो. मागचा डबा फुटला असता तर टक-टक आली नसती, घोगरा भर्र आवाज आला असता आणि तोही गरम-थंड दोन्ही वेळी.

तपासणी रात्रभर उभ्या गाडीवर करा, इंजिन हाताला गार हवं. सीट उचला, झाकण काढा आणि चालू न करता टॉर्चने बघा. हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर जिथून वायू फुटतो तिथे काजळीची रेघ उमटलेली असते, पिसाऱ्यासारखी पसरलेली. काही ठिकाणी ती राखाडी-पांढरी असते. तीनही पोर्ट (हेडमधून धूर बाहेर पडतो ती तोंडं) सगळ्या बाजूंनी बघा. खालची बाजू दिसत नसेल तर दाढी करायचा छोटा आरसा आत धरा. मग मॅनिफोल्डपासून खाली येणाऱ्या पाइपची फ्लँज (नटांनी जोडलेली रुंद कड), मग पुढचे जोड. नेहमी इंजिनकडून मागे जा. पुढची लीक राहिली तर मागे नवीन सायलेन्सर लावूनही आवाज तसाच राहतो.

काजळीवरून कळलं नाही तर साबणाचं पाणी. उलटं फुंकणारा व्हॅक्यूम क्लीनर किंवा छोटा ब्लोअर घ्या, त्याची नळी मागच्या पाइपात घाला आणि भोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळा. इंजिन बंदच. पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून स्प्रे बाटलीने प्रत्येक सांध्यावर मारत या. लीकच्या जागी फेस फुगतो. केसाएवढी चीरही यात दिसते, ती चालू इंजिनवर कानाने कधी सापडत नाही. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून कार्बोरेटरकडे जाईल, त्याची काळजी नको.

कोकणरस्ता
वरचं सगळं बरोबर. काही जण यासाठी अगरबत्ती फिरवतात, चालू इंजिनवर ती अजिबात नको. कार्बोरेटर शेजारीच आहे. गॅस किट लावलेली गाडी असेल तर विचारूच नका. त्याऐवजी मीटरभर रबरी पाइप घ्या, एक टोक कानाशी, दुसरं सांध्यांवरून फिरवत न्या. फसफस किंवा टिचकी जिथे मोठी तिथे लीक. पाइप तापलेल्या भागाला टेकू देऊ नका आणि पंख्याचा पट्टा सांभाळा. हे उघड्यावरच करायचं, बंद शेडमध्ये नाही.

गाडीखाली जाणार असाल तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा आणि मागच्या चाकांना दगड किंवा ओंडके.

सायलेन्सर टांगलेले रबर सगळे हलवून बघा. एक जरी तुटला असेल तरी पाइपाचं वजन फ्लँजवर येतं आणि पॅकिंग काही महिन्यांत पुन्हा उडतं. इंजिनच्या माउंटिंगचंही तेच. रबर फाटलं की दर गिअरला इंजिन डोलतं आणि पाइप पिळला जातो. ‘पॅकिंग टिकत नाही’ अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं, पॅकिंगच्या कंपनीत नव्हे.

चिपळूण_ओम्नी
आभार. साबणाचं पाणी मारून बघितलं. एका टोकाच्या पोर्टच्या खाली मोठा फेस आला, काजळीही तिथेच. त्या बाजूचा एक नट हातानेच फिरला, स्टड (नट बसतो ती आट्यांची दांडी) गंजून बारीक झालाय. शिवाय मागच्या डब्याच्या तळाशी बारीक गोल भोक आहे, तिथेही फुगे आले. सध्या नट आवळून, लाल सिलिकॉन भरून चालेल का? आणि ते भोक वेल्डिंगने बंद करू का?

फेसिंग_वेल्डिंग
दोन्ही नको.

डब्याचं ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. छोट्या फेऱ्यांत डबा पुरता तापत नाही आणि ते पाणी आत साचतं. भोक बुजवलंत तर डबा आतून सडेल. ते गोल, नेमकं सर्वांत खाली आणि कडा शाबूत असेल तर सोडून द्या. कडा भुसभुशीत होऊन टोकदार वस्तू आत जात असेल तर डबाच गेला, त्याला ठिगळ लावण्यात अर्थ नाही.

सिलिकॉन मॅनिफोल्डवर टिकत नाही. ते साधारण ३०० अंशांपर्यंतचं काम आहे, पोर्टजवळ तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. जळून खडे पडतात आणि नवं पॅकिंग बसवताना ते खरवडत बसावं लागतं. एम-सीलचंही तेच. नुसता नट आवळलात तर बारीक झालेला स्टड तुटेल.

मॅनिफोल्ड उतरवावाच लागेल. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा. पाना सहा कोनी सॉकेटचाच घ्या, बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाच्या कडा खातो. नट अडला की जोर न लावता थोडा पुढे, थोडा मागे असा खेळवा. तरी हटला नाही तर फक्त नटाला गॅस टॉर्चच्या ज्योतीची आच द्या. त्याआधी झाकणाचं रबर आणि पेट्रोलचे पाइप दूर करा, अग्निशामक जवळ ठेवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्याला आच लागू देऊ नका. हे जमणार नाही वाटलं तर एवढं काम गॅरेजवर सोडा.

स्टड ८ मिलिमीटरचे, आटे १.२५ पिचचे. जुना स्टड काढायला त्यावर दोन नट एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून फिरवा. आतच तुटला तर बरोबर मध्यावर पंच मारा, बारीक ड्रिलपासून हळूहळू वाढवा. आटे खराब झाले तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घ्या. मोठा स्टड ठोकायचा मोह टाळा.

उतरवलेल्या मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) घाला. ०.१० मिलिमीटरची पाती कुठेही आत गेली तर नुसतं नवं पॅकिंग पुरणार नाही, लेथवाल्याकडून फेसिंग (तोंड तासून सपाट) करून घ्या. तीनही तोंडं एकाच वेळी, एकाच पातळीत. चीर दिसली तर साध्या रॉडने वेल्डिंग करू नका. बीड त्याच्या शेजारून पुन्हा तडकतं. निकेल रॉड लावून, आधी तापवून आणि नंतर राखेत हळू थंड करून जमतं, पण त्यापेक्षा भंगारातला धड मॅनिफोल्ड स्वस्त पडतो.

बसवताना हेडचा पृष्ठभाग लाकडी किंवा पितळी खरवडणीने साफ करा, धातूचा ब्रश हेडवर चालवू नका. पॅकिंग कोरडंच. दोन पॅकिंग एकावर एक कधीच नको, दाबली जातात आणि नट सैल पडतात. मधल्या नटापासून बाहेर असं दोन टप्प्यांत २० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. फ्लँजचं पॅकिंगही त्याच वेळी नवं. दोन-तीनशे किलोमीटरनंतर थंड इंजिनवर पुन्हा तपासा.

तीन_सिलिंडर
इंजिनच्या झाकणाचं रबर बदलल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. पंचवीस वर्षांचं रबर चपटं झालेलं असतं. कागदाची पट्टी झाकणाखाली धरून झाकण लावा, ती सहज ओढली गेली तर तिथे सील नाही. गिअरच्या दांड्याचं बूट आणि वायर आत येतात ती भोकंही बघा.

आणि मागचा दरवाजा किंचित उघडा ठेवून सामान नेऊ नका. चौकोनी गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, मागच्या पाइपातून निघालेला धूर फिरून आत ओढला जातो. दरवाजाची बीडिंग फाटली असेल तर तेच थोड्या प्रमाणात रोज होतं. मागच्यांचं डोकं जड होण्यात याचाही वाटा असू शकतो.

चिपळूण_ओम्नी
शनिवारी मॅनिफोल्ड उतरवतो. पीयूसी पुढच्या महिन्यात आहे. लीकमुळे त्यावर परिणाम होतो का?

कोकणरस्ता
होतो, आणि तुमच्या बाजूने फसवा. लीकमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, नमुना पातळ होतो आणि कार्बन मोनॉक्साइड खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तुमच्या काळातल्या गाडीला आयडलवर मर्यादा ३ टक्के आहे. लीक बंद केल्यावर आकडा वाढला तर घाबरू नका, तोच खरा आकडा. मग मिक्श्चर स्क्रू (कार्बोरेटरवरचा, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) सेट करा. पीयूसी त्यानंतर.