जुना लेगसी आयपी ब्लॉक अरिनशी करार न करता वापरता येतो का?

राउटरवाला: आमच्या संस्थेकडे १९९३ सालचा एक लेगसी स्लॅश २४ (२५६ आयपी पत्त्यांचा ब्लॉक) आहे, तेव्हा अरिन (उत्तर अमेरिकेतले आयपी पत्ते सांभाळणारी संस्था) नव्हतंच, ते आलं १९९७ च्या शेवटी, त्यामुळे करार नाही नि फी पण नाही. इतकी वर्षं नीट चाललं. आता प्रोव्हायडर बदलतोय तर नवीन वाले म्हणतात आरओए (ब्लॉक कोणत्या नेटवर्कने जाहीर करायचा याचा डिजिटल सहीचा दाखला) दाखवा. करारावर सही करावीच लागणार का?

बीजीपी_भाऊ: नुसतं वापरायला करार लागत नाही हो. हूइजमधली (ब्लॉक कोणाचा ते दाखवणाऱ्या यादीतली) नोंद, रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव शोधणं) हे करार नसला तरी मिळतं. पण आरपीकेआय (ज्यात आरओए बनतो ती यंत्रणा) करारावर सहीशिवाय नाही, आणि पूर्वी लोक अरिनच्या नॉनऑथ आयआरआरमध्ये (मालकी न तपासता नोंद करता येणाऱ्या यादीत) रूट, म्हणजे ब्लॉककडे जायचा मार्ग, टाकून भागवायचे ते एप्रिल २०२२ ला बंद झालं. एक लक्षात घ्या, आरओए नसला म्हणजे रूट इनव्हॅलिड होत नाही, नॉट फाउंड दिसतो, आणि तो सहसा कोणी ड्रॉप करत नाही. एलओएवर (ब्लॉक जाहीर करायच्या परवानगीच्या पत्रावर) चालेल का विचारून बघा.

जुनी_वायर: त्याआधी हूइज उघडा!! आमच्या नोंदीत कधीच सोडून गेलेल्या माणसाचा ईमेल होता, डोमेनही एक्स्पायर झालेलं. तसलं डोमेन कुणीतरी विकत घेतं आणि ब्लॉक ढापतं. पोटात गोळा आला होता माझ्या.

पॅकेटप्रेमी: मी तर सही करा म्हणेन. लेगसीवाल्यांची फी कॅपची (फीवरच्या कमाल मर्यादेची) सवलत २०२३ अखेर संपली, त्यामुळे आता पूर्ण फी पडेल, तरी आरओए हवाच.

राउटरवाला: हूइज बघितलं, फोन नंबर जुनाच आहे. आजच बदलायला घेतो.