मदत हवी आहे: ‘डेमिसेमिक्वेव्हर’ कुठे तोडावा आणि जोर कशावर द्यावा?

रंकाळाकाठ: पाश्चात्त्य संगीताच्या लेखनातील एका स्वरचिन्हाचे हे इंग्रजी नाव; त्याची फोड आणि जोराची जागा मला आज संध्याकाळपर्यंत हवी आहे. मुलगी सहाही अक्षरे एकाच वजनाने म्हणते आणि ते बाईंना पटत नाही.

शाहूपुरीकर: आपल्याला हे छापण्यासाठी हवे आहे की बोलण्यासाठी, आणि उच्चार ब्रिटिश हवा की अमेरिकन, हे आपण लिहिलेले नाही. अमेरिकेत याच स्वरचिन्हाला ‘थर्टी-सेकंड नोट’ म्हणतात. छापताना शब्द डेमि, सेमि आणि क्वेव्हर यांच्या सांध्यावरच तोडावा.

जुना क्लॅरिनेटवाला: फोड करण्यात वेळ घालवू नये. क्वेव्हरला एक शेपटी, सेमिक्वेव्हरला दोन आणि याला तीन, म्हणजे कालावधीने सेमिब्रीव्हचा (पूर्ण स्वराचा) बत्तिसावा भाग, एवढे समजले की पुरे.

रंकाळाकाठ: काका, किंमत तिला पाठ आहे. शनिवारी शाळेत तिला स्वरचिन्हांची ओळख इंग्रजीतून करून द्यायची आहे. उच्चार ब्रिटिश हवा.

तबलाप्रेमी: ‘तक धिमि तक’ या बोलावर शब्द बसवा. सहा अक्षरे आणि सहा बोल असल्याने तो आपोआप जमेल.

शाहूपुरीकर: माझे मत याच्या नेमके उलट आहे. बोलात प्रत्येक अक्षराला सारखी जागा मिळते आणि आपण मराठी माणसे इंग्रजी शब्दही तसाच म्हणतो, तिची अडचण नेमकी तीच आहे. फोड डे-मि-से-मि-क्वे-व्हर अशी सहा अक्षरांची आहे. मुख्य जोर ‘से’वर आणि त्याहून हलका ‘डे’वर येतो; दोन्ही ‘मि’ ऱ्हस्व ठेवून पटकन सोडाव्यात, ‘क्वे’चा स्वर पूर्ण उच्चारावा आणि शेवटचा ‘र’ ब्रिटिश उच्चारात जवळजवळ ऐकूच येत नाही.

तबलाप्रेमी: तालात समही, म्हणजे जोराची मात्राही, असते. तिसरा बोल सम धरला तर?

शाहूपुरीकर: मग चालेल, माझा आक्षेप फक्त सारख्या वजनाला होता.

रंकाळाकाठ: आत्ताच म्हणायला लावले. ‘से’ जमते, पण घाईत जोर पुन्हा ‘क्वे’वर जातो.

शाहूपुरीकर: तिला आधी नुसते ‘सेमिक्वेव्हर’ दहा वेळा म्हणू द्या, कारण त्यातही मुख्य जोर ‘से’वरच असतो. ते जिभेवर बसले की त्याला हात न लावता पुढे ‘डेमि’ जोडावे.